बिनतारीची तार : आकाशात टांगलेल्या तांब्याचा इतिहास

मराठीत 'तार' हा शब्द आधी धातूच्या तंतूचा वाचक होता. एकोणिसाव्या शतकात त्या तंतूवरून संदेश धावू लागले आणि संदेशासही 'तार' हेच नाव मिळाले. पुढे तंतूवाचून संदेश जाऊ लागले, तेव्हा त्या विद्येस 'बिनतारी' म्हणण्यात आले. हे नाव अर्थाच्या दृष्टीने अपुरे आहे. बिनतारी यंत्रणेत दोन ठिकाणांमधील तार नाहीशी झाली. दोन्ही टोकांची तार मात्र राहिली, आणि तिचे कार्य अधिकच नाजूक झाले. त्या तारेसाठी कोणता धातू निवडावयाचा व तो कोणत्या अवस्थेत वापरावयाचा, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे.

प्रथम एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. तारयंत्राची तार प्रायः लोखंडाची होती. बिनतारीची तार तांब्याची झाली. विल्यम ओशॉघ्नेसी याने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारयंत्राचे प्रयोग केले, ते लोखंडी तारेवर. १८५० नंतरच्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे जोडताना त्याने जाड लोखंडी सळयांवर भर दिला. लोखंडाची विद्युत्‌वाहकता तांब्याच्या सुमारे एक षष्ठांश असते, ही उणीव सळईच्या जाडीने भरून काढता येत होती. शिवाय जाड सळई वाऱ्यास व धक्क्यांस दाद देत नसे. उलट, मऊ तांब्याची लांब तार दोन खांबांमध्ये ताणली की स्वतःच्या वजनानेच हळूहळू लांबत जाई, खाली झोळ देई आणि अखेर बारीक होऊन तुटे.

ही अडचण दूर झाली ती नवा धातू सापडल्यामुळे नव्हे. थंड अवस्थेतच तांब्याची तार एकाहून एक लहान छिद्रांतून ओढीत नेली आणि नंतर ती तापविली नाही, तर ती कठीण होते. अमेरिकेतील टॉमस डूलिटल याने १८७७च्या सुमारास या गुणाचा उपयोग करून खांबांवर टिकणारी तार तयार केली. १८८४ साली न्यूयॉर्क ते बॉस्टन ही दूरध्वनीची वाहिनी अशाच तारेवर चालू झाली. तापवून मऊ केलेले तांबे दर चौरस मिलिमीटरास सुमारे २२ किलोग्रॅम ताण सोसते. कठीण ओढलेले तांबे सुमारे ४० किलोग्रॅम सोसते. या लाभासाठी वाहकतेत द्यावे लागणारे मोल केवळ तीन टक्क्यांच्या आसपास आहे. मऊ तार तुटण्यापूर्वी पावपटीने लांबू शकते, कठीण तार एखाद-दुसरा टक्काच लांबते. म्हणून एकदा ताणलेली कठीण तार ताणलेलीच राहते.

रेडिओच्या आगमनाने लोखंड आणखी मागे पडले. दर सेकंदास दहा लाख आवर्तने करणारा प्रवाह तांब्याच्या अंतरंगात शिरत नाही. तो पृष्ठभागाच्या ०.०७ मिलिमीटरहून कमी जाडीच्या थरातून वाहतो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे तेथे हा थर अधिकच पातळ होतो व हानी पुष्कळ वाढते. जाडीचा जो उपाय तारयंत्रास पुरत होता, तो येथे निष्फळ ठरतो. १९२७ साली खडकी येथील प्रक्षेपणकेंद्र व दौंड येथील ग्रहणकेंद्र यांच्या द्वारे इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचे नभोवाणी केंद्र उघडले. पाठोपाठ घरांच्या छपरांवर 'एरियल' दिसू लागली.

या तारेचे सामाजिक मोल नाशिक जिल्ह्याच्या एका उदाहरणावरून ध्यानात येते. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांसाठी वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यांत सहभागी होती, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाचे मूल्यमापन केले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी व निर्णय घ्यावा, अशी ती योजना होती. पुण्यापासून नाशिकचे सरळ अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या ग्राहकयंत्रास एवढ्या अंतरावरील दिवसाचा क्षीण संकेत स्पष्ट मिळावयाचा, तर उंच बांधलेली बाहेरची तार हाच मोठा आधार असे. तार तुटली की एका घराचे नव्हे, सबंध मंडळाचे ऐकणे थांबावयाचे.

अशी तार टिकविण्यास लागणारे ज्ञान नाशकास परके नव्हते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे नगर पूर्वापार प्रसिद्ध आहे. ठोक्यांनी भांडे घट्ट होते, म्हणून तांबट ते मठारतो. घडविताना ते ताठर झाले की भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो. सोनार जंतरातून तार ओढतो, तेव्हा हाच अनुभव घेतो. एरियलच्या तारेस यातून थेट नियम मिळतो : कठीण तारेचा सांधा फार तापवू नये, नाही तर नेमकी तीच जागा मऊ पडते, डाग द्यावयाचाच तर तो ताण नसलेल्या भागी द्यावा. तांब्यावर जंगाल चढते हे घरोघरी ठाऊक होते, आणि भांड्यास कल्हई करावी तशीच रबराच्या वेष्टनातील तारेसही कथलाची कल्हई करीत, कारण रबरातील गंधक तांब्यास खाई. उघड्या एरियलच्या पदरी तारेत प्रत्येक पदरास रोगण देण्याचा हेतूही पृष्ठभाग निर्मळ राखणे हाच होता.

मात्र आपल्या परिभाषेने हे ज्ञान जोडून घेतले नाही. पाठ्यपुस्तकांत 'अनुशीतन', 'तन्यता', 'ताणबल' हे शब्द आले; मठारणे, जंतर, जंगाल हे शब्द कारागिराच्या दुकानातच राहिले. संस्कृतोद्भव संज्ञांची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'अनुशीतन' शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तांबटाच्या भट्टीत तेच घडते हे कोणी सांगितले नाही, तर शास्त्र व व्यवसाय हे दोघेही दरिद्री राहतात.

ट्रान्झिस्टर आले, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार यंत्राच्या पोटात गेली आणि छपरांवरची एरियल विरळ झाली. २०१३च्या जुलैत तारसेवाही बंद झाली. 'तार' या शब्दाचा संदेशवाचक अर्थ आता इतिहासजमा झाला आहे. धातुवाचक मूळ अर्थ मात्र शिल्लक आहे. 'बिनतारी' म्हणविणाऱ्या विद्येचा अभ्यास करणाऱ्याने आरंभ त्या मूळ अर्थापासूनच केला पाहिजे.