विखुरलेले धन

इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणी मुलखात एक म्हण आहे: तीन पिढ्यांत लाकडी जोड्यांपासून पुन्हा लाकडी जोड्यांपर्यंत. आजा मिळवितो, बाप भोगतो, नातू पुन्हा मजुरीस लागतो. ही म्हण ग्रीक भाषेत न्यावयाची तर शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. ग्रीक लोकांची जवळची म्हण निराळी आहे: वाऱ्यावर गोळा केलेले, सैतानाने विखुरलेले. इंग्रज पिढ्या मोजतो; ग्रीक मात्र धन कसे आले, हे विचारतो. त्यातील ‘विखुरणे’ हा शब्द संत लूकच्या ग्रीक शुभवर्तमानात उधळ्या पुत्राने वारसा उधळला तेथे (15:13) आलेल्या क्रियापदाच्याच कुळातील आहे.

आम्हां वऱ्हाडकरांना या म्हणीचा अर्थ वलगावाजवळ उमगतो. 1876 साली शेंडगावी जन्मलेल्या डेबूजीच्या वडिलांचे घर दारूपायी बुडाले. डेबूजी आजोळी दापुऱ्यास राबून वाढला आणि 1905 साली घर सोडून गेला. तेच संत गाडगे महाराज. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. परंतु आप्तांच्या नावे काही केले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक त्यांनी देह ठेवला.

फुटक्या गाडग्यापासून गाडग्यापर्यंतच हाही प्रवास. पण येथे धन उधळले गेले नाही, वाटले गेले. मुलांसाठी काय ठेवावे, हे ठरविताना आपण हा भेद ध्यानी धरावा.