निवेदकावरचा विश्वास आणि वाचकाची तक्रार

रहस्यकथेचा वाचक समीक्षेत बहुधा एकाच रूपात अवतरतो. तो भाबडा असतो, कथानकाच्या ओढीने वाहवत जातो आणि पुस्तक मिटताच ते विसरतो, असे गृहीत धरलेले असते. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात या साहित्यप्रकाराची अशीच उपेक्षा केली. तेव्हा वाचकांच्या निषेधाच्या पत्रांचा त्यांच्यावर भडिमार झाला. त्या पत्रांना उत्तर म्हणून जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी दुसरा लेख लिहिला आणि हे वाचन म्हणजे धूम्रपान व शब्दकोडी यांच्या पंगतीत बसणारे एक क्षुल्लक व्यसन ठरवले. वाचकांची पत्रे त्यांच्या लेखी व्यसनाचाच पुरावा होती. त्या पत्रांमागे काही साहित्यविषयक भूमिका असू शकेल, ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नाही.

ही शक्यता तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उत्कंठाप्रधान कथेच्या आणि अलीकडच्या कुमारवयीन वाचकांसाठीच्या डिस्टोपियन कादंबरीच्या, म्हणजे आदर्श राज्याच्या कल्पनेचे भयावह विपरीत रूप रंगवणाऱ्या कादंबरीच्या, इतिहासातील चार प्रसंग घेतले आहेत. या चारही प्रसंगी वाचक बिथरले. चारही ठिकाणी कथा प्रथमपुरुषी निवेदकाच्या तोंडून सांगितलेली आहे, ही बाब मात्र फारशी कोणी एकत्र ठेवून पाहिलेली नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक रित्या मनाने संहितेकडे येत नाही. साहित्यप्रकाराने शिकवलेल्या अपेक्षा घेऊन तो येतो. तक्रार उद्भवते ती हे क्षितिज मोडते तेथे.

१

डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला राइशेनबाख धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले. लंडनमध्ये लोकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुराव्याचा आधार मिळत नाही. वाचकांची संतप्त पत्रे मात्र खरी. एका वाचक स्त्रीने पत्राच्या आरंभीच आपली निर्भर्त्सना केली होती, अशी आठवण स्वतः डॉइल यांनी १९२४ च्या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

या कथेत वॉटसन मृत्यूचा साक्षीदार नाही. कड्याच्या टोकापर्यंत गेलेली आणि परत न फिरलेली पावले त्याला दिसतात, एक चिठ्ठी सापडते, आणि त्यांवरून तो अनुमान काढतो. होम्सच्या कथा वाचून वाचक एक गोष्ट निश्चित शिकला होता : वॉटसन प्रामाणिक असतो, पण त्याची अनुमाने चुकतात. होम्सचा मृत्यू न स्वीकारणारा वाचक म्हणूनच केवळ हट्टी ठरत नाही. त्या कथांनी दिलेली शिकवणच तो त्यांना लागू करत होता, असेही म्हणता येईल. १९०३ मध्ये डॉइल यांनी होम्सला परत आणले, ते वॉटसनच्या साक्षीतील याच फटीतून.

२

वॉटसनच्या परंपरेतील निवेदक बुद्धीने कमी असला तरी सच्चा असतो. १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती यांनी रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाच्या कादंबरीत हाच संकेत उलटा फिरवला. प्वारोच्या शेजारी राहणारा, तपासात त्याला साथ देणारा, वॉटसनच्या जागी उभा असलेला डॉ. शेपर्ड हाच खुनी निघतो. तो खोटे बोलत नाही. नेमक्या क्षणाविषयी फक्त मौन पाळतो. ही फसवणूक आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तर वाचकाने सर्वांवरच संशय घ्यायला हवा, या भूमिकेतून डोरोथी सेयर्स यांनी कादंबरीची पाठराखण केली.

या वादानंतरच्या काही वर्षांत रहस्यकथेची नियमावलीच तयार झाली. १९२८ मध्ये व्हॅन डाइन यांनी वीस नियम मांडले, तर १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी दहा. ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळू दिले आहेत अशी व्यक्ती गुन्हेगार असू नये, असे नॉक्स यांचा पहिलाच नियम सांगतो. ‘न्याय्य खेळी’ची ही भाषा मुळात वाचकाच्या तक्रारीची भाषा आहे. ‘मला फसवले’ या उद्गारामागे ‘मला फसवण्याचेही काही नियम आहेत’ हे गृहीत दडलेले असते. म्हणजे विल्सन यांना जेथे व्यसन दिसले, तेथे वस्तुतः एक काव्यशास्त्र घडत होते.

३

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये केलेल्या वर्गीकरणात शोधकथा आणि थरारकथा यांतील एक भेद सूक्ष्मपणे टिपला आहे. शोधकथेत गुन्हा आधीच घडून गेलेला असतो आणि शोध घेणारा सुरक्षित असतो. थरारकथा मात्र आठवणींच्या रूपाने सांगितली जात नाही. तिचा निवेदक शेवटापर्यंत जिवंत राहील की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

एकविसाव्या शतकातील कुमारवयीनांची डिस्टोपियन कादंबरी या दृष्टीने थरारकथेची वारसदार आहे. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) आणि व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (२०११) या दोन्हींत किशोरवयीन नायिका वर्तमानकाळात स्वतःची कथा सांगते. हा वर्तमानकाळ दुहेरी आहे. तो भविष्याची हमी देत नाही. पण ‘मी आहे’ हे मात्र प्रत्येक वाक्यात बजावत राहतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ‘अलीजंट’ या तिसऱ्या भागात रॉथ यांची नायिका ट्रिस मरण पावली, आणि वाचकांच्या संतापाचा लोट उसळला. आत्मत्याग म्हणजे काय, या पहिल्या भागापासून चालत आलेल्या प्रश्नाची ही परिणती आहे, असे स्पष्टीकरण लेखिकेला द्यावे लागले.

काटेकोर अर्थाने रॉथ यांनी कोणताही करार मोडलेला नव्हता. किंबहुना या भागात निवेदन प्रथमच ट्रिस आणि टोबायस या दोघांत विभागले होते. चाणाक्ष वाचकाला एवढी सूचना पुरेशी होती. परंतु दोन भाग एकाच आवाजाच्या सोबतीने काढलेल्या कुमारवयीन वाचकाला तो आवाज मध्येच थांबणे हा विश्वासभंग वाटला. १९२६ चा वाचक म्हणत होता, निवेदकाने सांगायला हवे होते. २०१३ चा वाचक म्हणत होता, निवेदकाने उरायला हवे होते. पहिल्या तक्रारीचा विषय ज्ञान आहे, दुसरीचा सहवास.

४

येथपर्यंतचे विवेचन वाचकाच्या बाजूने झुकलेले आहे. त्याला छेद देणारा प्रसंग २०१२ चा. ‘द हंगर गेम्स’ च्या चित्रपटात रू या बालिकेची भूमिका अमांडला स्टेनबर्ग या कृष्णवर्णीय मुलीने केली. त्यावर स्वतःला कादंबरीचे चाहते म्हणवणाऱ्या काहींनी उघड वंशद्वेषी निषेध नोंदवला. त्यांच्या कल्पनेतली रू गोरी होती. वास्तविक रूची त्वचा गडद तपकिरी असल्याचे कादंबरीत स्पष्ट सांगितले आहे. पण त्यालाच जोडून, अंगकाठीने आणि वागण्याने ती आपल्या धाकट्या बहिणीसारखी असल्याचे निवेदिका कॅटनिस सांगते. या वाचकांनी बहिणीचे साम्य तेवढे घेतले आणि रंग पुसून टाकला. ज्या मायेने निवेदिका रूला जवळ करते ती माया त्यांनी उचलली. मात्र तिचा विषय आपल्या मुळातल्या पूर्वग्रहाला सोयीचा करून घेतला. निवेदकावर विश्वास ठेवणे आणि निवेदकाचे ऐकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

याच कादंबरीतील तीन बोटांच्या अभिवादनाचा अर्थ कॅटनिस सांगते, तो कृतज्ञता, आदर आणि प्रिय व्यक्तीचा निरोप असा. ती तिच्या प्रदेशातली, क्वचित अंत्यविधीत दिसणारी खूण आहे. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्करी सत्ता आल्यावर निदर्शकांनी ही खूण रस्त्यावर आणली आणि ती करणाऱ्यांना ताब्यात घेण्यात येऊ लागले. २०२० च्या विद्यार्थी आंदोलनात आणि फेब्रुवारी २०२१ पासून म्यानमारमध्ये ती पुन्हा उठली. त्यातील अनेकांपर्यंत ती चित्रपटातून पोचली असणार, हे मान्य करावे लागेल. तथापि निरोपाची खूण प्रतिकाराची झाली. कथेत सुरू झालेले हे अर्थांतर प्रत्यक्षात धोका पत्करून पूर्ण केले गेले.

५

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. स्वतःचे भान न गमावता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, हे तिचे सार. वरील प्रसंगांकडे तिच्या प्रकाशात पाहिले तर वाचकाची तक्रार हा समाधी भंगल्याचा क्षण ठरतो. त्या क्षणी ‘विकल्प’ मोठ्याने बोलू लागतो. तो कधी साहित्यप्रकाराचे नियम बोलतो, कधी वियोगाचे दुःख, तर कधी स्वतःचा अघोरी पूर्वग्रह. म्हणून वाचकाची प्रतिक्रिया हा कृतीविषयीचा निकाल मानता येणार नाही. परंतु तो पुरावा आहे, आणि तो नष्ट होऊ देणे इतिहासाला परवडणारे नाही.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे झाले. या कथांच्या वाङ्मयीन दर्जाविषयी मत देणे आपल्याला सोपे गेले. त्या वाचणाऱ्यांनी कोठे हरकत घेतली, कोणता शेवट नाकारला, कोणावर विश्वास टाकला, हे टिपून ठेवण्याची निकड समीक्षेला फारशी जाणवली नाही. ते वाचक वृद्ध झाले आहेत, काही निवर्तले आहेत. त्यांच्या तक्रारींसह मराठी वाचनाच्या इतिहासाचे एक प्रकरण लिहिले जाण्यापूर्वीच पुसले जात आहे.