कुलूपबंद दार आणि कायद्याचा कागद

काही प्रश्न असे असतात की ते शतकभराने पुन्हा त्याच शब्दांत विचारावे लागतात. तयार कपड्यांच्या कारखान्याचे दार कामाच्या वेळी उघडे असते काय, हा तसाच प्रश्न होय.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यास आग लागली. तीत १४६ कामगार मृत्यू पावले. बहुसंख्य स्थलांतरित ज्यू व इटालियन कुटुंबांतील तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते. १९०९ च्या संपात या व्यवसायातील स्त्रियांनी वेतनवाढ व संघटनेची मान्यता मागितली होती. ट्रँगलच्या मालकांनी ही मान्यता नाकारली. डिसेंबर १९११ मध्ये ते खटल्यातून निर्दोष सुटले. तथापि न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून पुढील काही वर्षांत तीसहून अधिक कायदे निर्माण झाले.

बांगलादेशाच्या २००६ च्या श्रम कायद्यातही कामगार आत असताना बाहेर पडण्याचे दार बंद ठेवण्यास मनाई होती. तरीही २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आशुलिया येथील ताजरीन कारखान्याच्या आगीत शंभराहून अधिक कामगार दगावले. पुढे २३ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा या इमारतीस भेगा पडल्या. इमारतीतील बँकेच्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविले गेले नाही. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र बोलाविले गेले. त्या सकाळी इमारत कोसळली आणि किमान १,१३४ जीव गेले.

येथे कायदा नव्हता असे कोणीही म्हणू शकणार नाही. मग उणीव कशाची होती? आमच्या मते, नकार देण्याच्या सामर्थ्याची. भेग सर्वांनाच दिसली होती. परंतु वेतन बुडण्याच्या भयाखाली आणि संघटनेच्या आधारावाचून शिलाई कामगारास 'आज मी आत जाणार नाही' असे म्हणता येत नव्हते. म्हणूनच मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात झालेल्या 'अ‍ॅकॉर्ड' या बंधनकारक करारात स्वतंत्र तपासणीबरोबरच धोकादायक काम नाकारण्याचा हक्कही मान्य करण्यात आला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

दार उघडे ठेवण्याचा नियम सरकार करू शकते. ते दार रोज उघडे आहे की नाही, हे मात्र आत बसणाऱ्यालाच प्रथम कळते. त्याच्या बोलण्यास जेथे किंमत नाही, तेथे कायदा बहुधा मृत्यूनंतरच वाचला जातो.