आजोबांच्या वहीतला धनगर

परवा विट्याच्या घरी माळा आवरताना आजोबांची हिशेबाची वही सापडली. शेतात मेंढरं बसवल्याच्या नोंदी होत्या. 'धनगर. तीन रात्री. ज्वारी अमुक पायली.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवर्षी तोच वाडा यायचा, आजी त्यांच्या पोरांच्या हातावर भाकरी ठेवायची, आणि वहीत मात्र नुसता 'धनगर'. नाव एकदाही नाही!

मला एकदम सिसिलीतले सिकेल आठवले. (हसू नका, सांगते.)

या बेटाला सिसिली हे नाव पडलं ते सिकेल लोकांवरून. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीक तिथे वसाहती करायला आले, त्याच्या आधीपासून हे तिथे नांदत होते. त्यांच्या भाषेतले मोजकेच लेख उरलेत, तेही ग्रीकांकडून घेतलेल्या लिपीत. इ.स.पू. पाचव्या शतकात ड्युकेटियस नावाच्या पुढाऱ्याने बहुतेक सिकेल गावं एकत्र करून ग्रीकांशी झुंज दिली. पण हे सांगतो कोण? सुमारे चारशे वर्षांनंतरचा डायोडोरस, ग्रीक भाषेत. गंमत म्हणजे त्याचं जन्मगाव अ‍ॅगिरियम, मुळात सिकेलांचंच. म्हणून आजच्या अभ्यासकांना सिकेलांची बाजू थडगी, खापरं आणि घरांचे पाये उकरून जुळवावी लागते.

आपल्याकडे निदान एक माणूस वेळेवर आला. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर धनगरांमध्ये जाऊन बसले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आला आणि १९८९ साली अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेल्या अनुवादातून इंग्रजीत. आपल्या जिल्ह्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाला आपण नवस बोलतो. त्यांनी त्याच्या कथेत कुरणांचा, वाटांचा आणि वस्त्या होण्याचा इतिहास वाचला. खंडोबाची म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, यातही त्यांना गाव आणि रान यांचं नातं दिसलं.

ओवी म्हणजे काही बखर नव्हे. तिच्यातून सनावळ्या निघत नाहीत. पण सुंबरान मांडून गाणारा माणूस आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगतो. सिकेलांना ते भाग्य लाभलं नाही.

आणि आम्ही? आम्ही लिहिणारे! शंभर वर्षांनी कुणाला ही वही मिळाली तर त्याला ज्वारीचं माप कळेल, माणूस कळणार नाही. आजोबा वाईट नव्हते हो. त्यांना नाव लिहायची गरजच वाटली नाही, एवढंच. बहुधा ग्रीकांनाही वाटली नसेल.

आईला फोन केला. तिला त्या वाड्यातल्या घोडीचा रंग आठवला, कुत्र्याचं नाव आठवलं. माणसाचं नाही.

काका, आत्या, तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर कळवा. वहीत अजून चार पानं कोरी आहेत.