एका शब्दाची गोष्ट : गेवराई ते रियाध

मी मुखेडहून बोलतोय. आपल्याकडं 'प्रशासन' हा शब्द रोज कानावर पडतो. पेपर उघडला की 'प्रशासनाचं दुर्लक्ष' ही बातमी ठरलेली. आजची गोष्ट याच शब्दाची आहे.

26 नोव्हेंबर 2008. मुंबईत 166 जणांचा जीव गेला. हल्लेखोरांना पाकिस्तानातून फोनवर हुकूम येत होते आणि आपल्या यंत्रणा ते बोलणं टेप करत होत्या. त्यात एक आवाज 'प्रशासन' म्हणाला. पाकिस्तानातला उर्दू बोलणारा सहसा 'इंतजामिया' म्हणेल. म्हणजे हा माणूस इकडचा! तपास येऊन थांबला तो आपल्याच मराठवाड्यात. गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी, उर्फ अबू जुंदाल. 2006 च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणापासून तो फरार होता.

तो सापडला सौदी अरेबियात. आता सौदी म्हणजे पाकिस्तानचा जुना दोस्त. पण 2010 मध्ये मनमोहन सिंग रियाधला गेले, तेव्हा प्रत्यार्पण करार झाला होता. गेवराईच्या घरच्यांच्या डीएनए नमुन्यावरून ओळख पटवली गेली आणि जून 2012 मध्ये सौदीनं त्याला भारतात पाठवलं. शस्त्रसाठा प्रकरणात 2016 ला त्याला जन्मठेप झाली.

मग 26/11 च्या खटल्याचं काय? इथं खरी गंमत आहे, मंडळी. जगात सहकार्य मिळतं, पण जो तो आपल्याला परवडेल तेवढंच देतो. अमेरिकेनं डेव्हिड हेडली दिला नाही, त्याची साक्ष दिली. फेब्रुवारी 2016 मध्ये तो तिकडूनच व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टापुढं बोलला, जुंदालच्याच खटल्यात. पाकिस्तानकडं आपण आवाजाचे नमुने मागितले, ते मिळालेच नाहीत. सौदीनं माणूस दिला, पण त्याला नेमकं कसं आणलं, याची कागदपत्रं आरोपीला द्यायची का, यावर वाद झाला आणि 2018 पासून खटला कित्येक वर्षं अडकून पडला. ज्या सहकार्यानं माणूस हाती आला, त्याच्याच कागदांवर गाडी अडली!

तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणायला तर एप्रिल 2025 उजाडला.

एक शब्द ओळखायला क्षण पुरतो. त्यामागचा न्याय मिळवायला किती देशांच्या दारात उभं राहावं लागतं, ते त्या 166 घरांना विचारा.