शून्यावर शून्य : एका नियमाची कहाणी

अकरावीत ‘सीमा’ हे प्रकरण सुरू झाले की विद्यार्थ्याची शून्यावर शून्याशी गाठ पडते. (क्ष² – ९) ला (क्ष – ३) ने भागा आणि क्ष ही संख्या ३ कडे न्या. अंश शून्य, छेदही शून्य! सर अवयव पाडायला सांगतात. समान अवयव गेला की क्ष + ३ उरते व सीमा ६ येते. पण जेथे अवयव पडत नाहीत तेथे काय करावे? तेथे एक नियम उपयोगी पडतो : अंश आणि छेद यांचे वेगवेगळे अवकलज काढून त्यांच्या भागाकाराची सीमा घ्यावी. वरील उदाहरणात २क्ष भागिले १, म्हणजे पुन्हा ६च. मुले गमतीने याला ‘हॉस्पिटलचा नियम’ म्हणतात. खरे नाव लोपिताल यांचा नियम. पण तो त्यांचा होता काय?

गीयोम द लोपिताल (१६६१–१७०४) हे गणिताची मनापासून आवड असलेले फ्रेंच उमराव. १६९१–९२ मध्ये त्यांनी बाझेलच्या योहान बर्नुली या तरुणाकडून कलनशास्त्राचे धडे घेतले. १६९४ मध्ये त्यांनी बर्नुलींना वर्षाला ३०० लिव्हर देऊ केले. अट अशी की नवे शोध आपणास कळवावेत, इतरांस सांगू नयेत. बर्नुलींना तेव्हा कायमची नोकरी नव्हती. त्यांनी अट मान्य केली आणि त्याच वर्षी हा नियम पत्राने कळविला.

१६९६ मध्ये लोपिताल यांचे पुस्तक निघाले. अवकलनावरील ते पहिले छापील पाठ्यपुस्तक. प्रस्तावनेत बर्नुली बंधूंचे ऋण मान्य केले होते, पण हा नियम कोणाचा हे सांगितले नव्हते. लोपिताल वारल्यावर बर्नुलींनी हक्क सांगितला. फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९२२ मध्ये त्यांची जुनी टिपणे आणि १९५५ मध्ये तो पत्रव्यवहार छापला गेला, तेव्हा खरे काय ते उघड झाले. नाव मात्र तेच राहिले.

विद्यार्थी मित्रहो, बर्नुलींनी पोटासाठी शोध विकला, पण ज्ञान त्यांच्यापाशीच राहिले. आपण मात्र पुष्कळदा उलट करतो : नियम पाठ, समज नाही. (क्ष + ३) ला (क्ष + १) ने भागून क्ष १ कडे नेल्यास सीमा २ येते. येथे शून्यावर शून्य नाही, तरी कोणी डोळे मिटून तोच नियम लावला तर उत्तर १ येईल, आणि ते चूक आहे. म्हणून आधी किंमत घालून पाहावी, मग अवयव, आणि त्यानंतर नियम.

पालकांनाही एक विनंती. मुलाला ‘किती मार्क मिळाले?’ विचारण्याआधी ‘उत्तर कसे काढलेस?’ हे एकदा अवश्य विचारावे.