इजिप्तला निघण्यापूर्वी: औषधे, आकडे आणि ‘बक्षीस’

पिरॅमिड, नाईल नदी आणि तुतनखामेनचा सुवर्णमुखवटा यांची ओळख शाळेतील इतिहासाच्या पुस्तकापासूनच आपल्याला झालेली असते. त्यामुळे इजिप्तच्या सहलीची तयारी म्हणजे प्राचीन राजांची नावे पाठ करणे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक राजांची माहिती गाइड सांगतोच. सहल सुखाची होणार की मनस्तापाची, हे ठरते ते पेटीत कोणती गोळी आहे, खिशात सुट्टे किती आहेत आणि दुकानातील पाटीवरचे आकडे वाचता येतात की नाही, अशा किरकोळ भासणाऱ्या गोष्टींवर. मुंबईहून थेट विमानाने कैरो सुमारे सहा तासांवर आहे. या तयारीला मात्र निघण्यापूर्वी काही दिवस तरी द्यायला हवेत.

औषधांचा डबा आधी तपासा

सहलीच्या गटांत ज्येष्ठ मंडळी असतात आणि त्यांच्या सामानात औषधांचा डबा असतोच. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचे व्यसन हा इजिप्तमध्ये गंभीर प्रश्न ठरल्याने त्यावर तेथे कडक निर्बंध आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये एक ब्रिटिश महिला २९० ट्रॅमाडॉल गोळ्यांसह हुरघाडा विमानतळावर पकडली गेली. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी त्या नेत असल्याचे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आपल्याकडेही हे औषध २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे. तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मिळते आणि पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत मिसळूनही येते. अशा गोळीचे बाजारातील नाव निराळेच असते, घटकाचे नाव पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते. शस्त्रक्रियेनंतर उरलेली किंवा गुडघेदुखीसाठी हाताशी ठेवलेली अशी एखादी पट्टी घरात सहज सापडते. म्हणून पेटी भरताना प्रत्येक पट्टीमागचे घटक भिंगातून का होईना, पण वाचावेत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, झोपेच्या व चिंताशामक गोळ्या यांबाबतही हीच दक्षता घ्यावी. पर्यायी औषध चालत असेल तर डॉक्टरांना विचारून बदल करून घ्यावा; चालत नसेल तर इजिप्तच्या दूतावासाकडे आधी चौकशी केल्याशिवाय ते नेऊ नये. मधुमेह, रक्तदाब यांची नेहमीची औषधे मूळ पट्टीतच ठेवावीत आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी. वारांचे कप्पे असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत सुट्या केलेल्या गोळ्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत. शेजाऱ्यांनी ‘तिकडच्या भाच्याला द्या’ म्हणून दिलेले औषधाचे पुडके तर नम्रपणे नाकारावे.

सामानाविषयी आणखी एक सूचना. हौशी छायाचित्रकारांनी ड्रोन घरीच ठेवावा. परवानगीशिवाय तो देशात आणण्यास बंदी आहे आणि विमानतळावर तो जप्त होतो. वैयक्तिक वापरासाठी सार्वजनिक ठिकाणी छायाचित्रे काढण्याची मुभा २०२२ पासून आहे. लष्करी ठिकाणे, पोलीस आणि सरकारी इमारती यांच्याकडे मात्र कॅमेरा वळवू नये.

व्हिसा

भारतीय पारपत्रधारकाने व्हिसा निघण्यापूर्वीच मिळवावा. दिल्लीत इजिप्तचा दूतावास आणि मुंबईत वाणिज्य दूतावास आहे. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन देश अशा काही ठिकाणांचा वैध आणि एकदा वापरलेला व्हिसा पारपत्रावर असेल, तर कैरोला उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घेणे इष्ट. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

पंचाण्णव की दहा?

इजिप्तमध्ये बाजारातील पाट्या, बसचे क्रमांक आणि मोटारींच्या नंबरपाट्या यांवर आपण ज्यांना अरबी समजतो ते इंग्रजी वळणाचे आकडे नसतात. गंमत अशी, की तेथे जे वापरले जातात त्यांना अरबी भाषेत ‘हिंदी आकडे’ म्हणतात. दोन आणि तीन हे आपल्याच २ आणि ३ ला आडवे पाडल्यासारखे दिसतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच मात्र आपल्या शून्यासारखा गोल असतो. सहा इंग्रजी सातासारखा, सात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आणि आठ म्हणजे तोच ‘व्ही’ उलटा. नऊ थेट आपल्या देवनागरी एकासारखा दिसतो. याचा परिणाम असा, की पाटीवर लिहिलेले पंचाण्णव मराठी डोळ्यांना सरळसरळ ‘१०’ भासते! आकडे आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात, हा त्यातला दिलासा.

हे दहा आकडे विमानात बसल्या बसल्या शिकता येतात. उबर किंवा करीमची गाडी मागवल्यावर नंबरपाटी जुळवताना आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत पाटीवरच्या किमतीशी ताडून पाहताना त्यांचा उपयोग होतो. नोटांच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात, तेथे अडचण येत नाही.

पैशांचे गणित

जुन्या प्रवासवर्णनांतील किंवा शेजाऱ्यांनी पाच वर्षांपूर्वी सांगितलेले दर विसरून जावेत. ६ मार्च २०२४ रोजी इजिप्तने आपले चलन बाजारभावावर सोडले आणि एका डॉलरचा भाव सुमारे ३१ पौंडांवरून ५० च्या घरात गेला. त्यानंतरच्या काळात एका इजिप्शियन पौंडाचे मोल साधारण पावणेदोन ते दोन रुपये राहिले आहे. परदेशी पर्यटकांसाठीचे तिकीट स्थानिकांच्या कित्येक पट असते आणि त्यात वरचेवर वाढ होते. ताजमहालाच्या तिकीट खिडकीवर आपणही परदेशी पाहुण्यांशी तसेच वागतो, तेव्हा यावर फार त्रागा करण्यात अर्थ नाही.

अनेक प्रमुख स्थळांच्या तिकीट खिडक्यांवर आता रोख रक्कम घेत नाहीत, कार्डच लागते. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय बँकेकडून आधी सुरू करून घ्यावी आणि शक्यतो दोन निरनिराळी कार्डे सोबत ठेवावीत.

त्याउलट, तिकिटाच्या खिडकीपलीकडचा सगळा व्यवहार रोखीचा. येथे ‘बक्षीस’ हा शब्द भेटतो. मूळ फारसीतला हा शब्द आपल्याकडे गुणगौरवासाठी वापरला जातो; कैरोत ‘बक्शीश’ म्हणजे प्रत्येक लहानसहान कामाचा मोबदला. प्रसाधनगृहाबाहेर कागद हातात देणारा, हॉटेलात पेटी उचलणारा, मशिदीबाहेर पादत्राणे सांभाळणारा, या सर्वांना त्याची अपेक्षा असते. महागाईने पगाराची किंमत घटलेल्या देशात हे पैसे त्यांच्या घरखर्चाचा भाग आहेत, हे ओळखले तर देताना कपाळाला आठ्या पडत नाहीत. पाच, दहा आणि वीस पौंडांच्या नोटा रोज सकाळी वेगळ्या खिशात ठेवाव्यात.

पण न मागता केलेल्या ‘सेवे’चे काय? मंदिरातला रखवालदार खुणेने एका कोपऱ्यात बोलावतो, ‘येथून फोटो छान येतो’ म्हणतो आणि मग हात पुढे करतो. नको असेल तर ‘ला, शुक्रन’ म्हणावे, म्हणजे ‘नको, आभारी आहे’, आणि चालत राहावे. थांबून कारणे देत बसलात की सौदा सुरू झालाच. उंटाच्या बाबतीत रक्कम, वेळ आणि ‘चढणे व उतरणे दोन्ही’ हे आधी ठरवून घ्यावे. उंट उठल्यावर वाटाघाटीत आपली बाजू लंगडी असते. गिझा येथे २०२५ पासून नवे प्रवेशद्वार आणि विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आल्याने उंटावाचून काही अडत नाही.

घासाघीस करताना दुकानदाराच्या तोंडी ‘फाकिरनी हिंदी?’ असे शब्द आले तर दचकू नये. ‘मला काय हिंदी समजतोस?’ असा त्याचा शब्दार्थ असून ‘मी मूर्ख वाटलो का?’ या अर्थाने ही म्हण तेथे रूढ आहे. समोर खराखुरा हिंदी उभा आहे हे लक्षात आल्यावर तोच दुकानदार अमिताभ बच्चनच्या नावाने स्वागत करतो.

कोणत्या संग्रहालयात काय?

कैरोत आता तीन मोठी संग्रहालये आहेत आणि जुनी पुस्तके वाचून जाणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते. गिझाच्या पिरॅमिडांजवळचे ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’ नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले. तुतनखामेनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू, सुवर्णमुखवट्यासह, आता तेथे आहेत. राजांच्या ममी पाहायच्या असतील तर फुस्तात भागातील राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात जावे लागते; एप्रिल २०२१ मध्ये २२ राजा-राण्यांच्या ममी मिरवणुकीने तेथे हलवण्यात आल्या. तहरीर चौकातील १९०२ चे गुलाबी संग्रहालय ओस पडलेले नाही. तानिस येथील राजदफनांतील सोन्या-चांदीचा ऐवज तेथे निवांत पाहता येतो. एका दिवसात तिन्ही उरकणारा सहल कार्यक्रम दिसल्यास आयोजकांना प्रश्न विचारावा.

लक्सर येथील राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांना वेगळे तिकीट पडते. तुतनखामेनची ममी अजून तेथेच आहे, मात्र थडगे अगदी लहान आहे. एकाच जादा तिकिटाची ऐपत असेल तर छतभर चित्रे असलेले रामसेसचे थडगे घ्यावे, असे आमचे मत.

अंतरे आणि ऊन यांचा अंदाज चुकतो. कैरो ते लक्सर सुमारे ६५० किलोमीटर आणि अस्वान ते अबू सिंबल जवळपास २८०. तेथे जाण्यासाठी पहाटेच निघावे लागते. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ उत्तम. जून ते ऑगस्ट लक्सरमध्ये पारा चाळिशीपार जातो. जानेवारीत कैरोच्या रात्री गारठ्याच्या असतात, स्वेटर हवाच. लक्सरवरून पहाटे उडणारे बलून हे मोठे आकर्षण असले, तरी २६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेथे झालेल्या दुर्घटनेत १९ पर्यटक मृत्युमुखी पडले होते. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाले तर हुज्जत घालू नये. उत्तर सिनाईकडे पर्यटकाने फिरकू नये.

शाकाहाऱ्यांसाठी

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट-तिखट चटणी यांची ‘कोशरी’ पोटभरीची आणि स्वस्त. ‘फूल’ म्हणजे शिजवलेला बाकला आणि ‘तामिया’ म्हणजे त्याचीच भजी. जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, त्यांनी बाकला कटाक्षाने टाळावा. ‘अना नबाती’, म्हणजे मी शाकाहारी, एवढे सांगून भागत नाही. बोलीत ‘लहमा’ म्हणजे तांबडे मांस. कोंबडी, म्हणजे ‘फिराख’, त्यात धरतीलच असे नाही. तेव्हा दोन्ही नको असल्याचे सांगावे आणि मसुराचे सूप वा ‘मुलुखिया’ ही पालेभाजी मागवताना कोंबडीचे पाणी वापरले आहे का, हे विचारावे. पाणी बाटलीतलेच प्यावे.

आणखी काही

साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. रमजानमध्ये स्थळांच्या वेळा आखडतात आणि हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. हिवाळ्यात इजिप्त आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. २०२३ पासून उन्हाळी वेळ पुन्हा लागू झाल्याने एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर हे अंतर अडीच तासांचे होते. आपली तीन पिनांची खटकी तेथे बसत नाही, दोन गोल पिनांची चालते. कैरो मेट्रोत मधले काही डबे स्त्रियांसाठी राखीव असतात. मशिदीत जाताना स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. जुन्या कैरोतील अकराव्या शतकातील अल-हाकीम मशिदीचा जीर्णोद्धार दाऊदी बोहरा समाजाने केला आहे. मुंबईच्या माणसाने ती पाहण्यासाठी अर्धा तास काढावा.

पर्यटक पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक १२६ आणि रुग्णवाहिकेचा १२३. पारपत्राची छायाप्रत मूळ प्रतीपासून वेगळ्या पिशवीत ठेवावी.